डावीकडची खुर्ची

२ फेब्रुवारी

दूध डावीकडच्या शेगडीवर, चहा उजवीकडच्या. घरच एवढंसं की खाटेपाशी उभं राहून शेगडी दिसायची. एक डोळा दुधावर ठेवायचा आणि तेवढ्यात ह्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, सदरा चढवायचा. दूध वर यायला आणि शेवटचं बटण लागायला एकच गाठ. माझ्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे तो त्या धांदलीतला, पण दूध म्हणून कधी उतू गेलं नाही. त्या सकाळीही गेलं नाही. पातेलं उतरवलं, पेला भरून वळले, तर हे गेलेले होते. बटणं सगळी लावलेली होती.

आज या नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शेगडी पेटवली आणि हे सगळं आठवलं. नवल म्हणजे रडू आलं नाही. उलट वाटलं, चला, हातांना पुन्हा काम लागलं.

घर छान आहे. वरच्या मजल्यावर मला वेगळी खोली दिली आहे. सकाळचं ऊन थेट उशीपर्यंत येतं. आणि टेबल! आयुष्यात पहिल्यांदा टेबलाशी बसून लिहिते आहे. ते इतकं गुळगुळीत आहे की वही पळते, डाव्या हाताने दाबून धरावी लागते. खाली जिन्याशी पुस्तकांचं कपाट आहे. मी शाळा पाहिली ती बाहेरून. वाचायला माझी मीच शिकले, आधी दुकानांच्या पाट्या, मग पुड्यांचे कागद, मग ह्यांच्या औषधांच्या बाटल्या, आणि एकदा चटक लागल्यावर हाती येईल ते. कपाटापुढे रेंगाळले तर काकू म्हणाल्या, घ्या की हवं ते, नाहीतरी या घरात पुस्तकं धूळ खाऊनच जाड झालीत. काकू म्हणजे माझ्या पेशंटच्या सासूबाई. तोंडाने फटकळ, पण चहा त्यांनी स्वतः गाळून दिला. मला सगळे मावशी म्हणणार. आयाबाईचं नाव एकदा मावशी पडलं की पाळण्यातलं नाव विसरायचं.

३ फेब्रुवारी

ताईंना भेटले. कोवळं वय, सातवा महिना. पोट सुरेख वर आलंय. चेहऱ्याची डावी बाजू मात्र ओघळलेली, डावा हात चादरीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला.

काकूंनी सगळं सांगितलं. एका सकाळी केस विंचरताना ताई एकदम खाटेवर कलंडल्या. काकूंना वाटलं, झोपेत हात दबला असेल, मुंग्या आल्या असतील. पहिल्या दवाखान्यात पोट पाहूनच सगळे बिचकले. हे औषध बाळाला चालेल का, तो फोटो काढला तर बाळाला बाधेल का, यातच वेळ गेला. दुसरीकडे नेलं तिथले मेंदूचे डॉक्टर घोळ घालत बसले नाहीत. डोक्यातल्या नसेत गुठळी अडकली आहे, पोटावर शिशाचं आवरण घाला आणि चला, म्हणाले. मांडीतल्या नसेतून बारीक तार वर मेंदूपर्यंत नेली आणि गुठळी ओढून काढली. ताई वाचल्या, बाळाला काही झालं नाही. पण मधे वाया गेलेल्या वेळाची किंमत डाव्या अंगाने मोजली.

आता रक्त दाट होऊ नये म्हणून रोज एक सुई टोचायची. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं म्हणे. डॉक्टरांनी दादांना, म्हणजे ताईंच्या नवऱ्याला, बजावलं आहे की तोंड, हात, बोलणं यांत काहीही नवं दिसलं तर पोटुशी आहे म्हणून क्षणभर थांबायचं नाही. आई आहे तर बाळ आहे. दादांनी तेच मला तसंच्या तसं सांगितलं आणि पाठ म्हणून दाखवायला लावलं. मी दाखवलं.

व्यायाम शिकवायला एक मॅडम येतात. हसतमुख बाई. त्या म्हणाल्या, ताईंची डावी बाजू नुसती लुळी नाही, त्यांच्या लेखी ती उरलेलीच नाही. डोळे धड आहेत, पण डावीकडेही जग आहे हेच मेंदू विसरलाय. ताटातला उजवीकडचा भात संपवतात आणि अर्धपोटी ठेवलं म्हणून रुसतात. म्हणून मावशी, तुम्ही सगळं डावीकडून करायचं. खुर्ची डावीकडे, पाणी डावीकडे, बोलणं डावीकडून. कंटाळून का होईना, मेंदू एक दिवस मान वळवेल.

मी म्हटलं, जमेल. ह्यांची तर उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. राहिलेल्या डाव्या हाताशी मी किती वर्षं गप्पा मारल्या. मला एका बाजूने संसार करायची सवय आहे.

८ फेब्रुवारी

सगळं मार्गी लागलं आहे. सकाळी अंग पुसणं, सुई, व्यायाम, जेवण, दुपारी वाचन. माझी खुर्ची खाट आणि भिंत यांच्यामधे बसते, जेमतेम.

एका गोष्टीची सवय व्हायला वेळ लागेल. मी डावीकडून बोलले की ताई उत्तर देतात, पण उजवीकडे बघून. तिकडे कोणी नसतं. नुसती खिडकी. त्या खिडकीकडे बघून हसतात, मावशी तुम्ही वाचता छान, म्हणतात. मी इथे, त्यांच्या कानाशी, आणि आभार खिडकीला. मॅडम म्हणाल्या, असंच होतं, मनाला लावून घेऊ नका.

लावून घेत नाही. पण आज जेवताना लक्षात आलं की सकाळपासून कोणी माझ्याकडे बघून बोललं नव्हतं. काकू पदार्थांशी बोलतात, दादा फोनशी, ताई खिडकीशी.

१२ फेब्रुवारी

आज डाव्या हाताला तेल लावत होते. ताईंनी विचारलं काय चाललंय. म्हटलं, तुमचा हात चोळतेय. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, काहीतरीच काय मावशी, हा माझा हात नाही, तिचा आहे.

मी विचारलं, कोणाचा. तर म्हणाल्या, डावीकडचीचा. ती नाही का माझ्या बाजूला झोपलेली असते.

अंगावर काटा आला, पण दुपारच्या लख्ख उन्हात काट्याला किती मान द्यायचा. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही पेशंट असं म्हणतात, स्वतःचाच हात परका वाटतो. वाद घालू नका, भिऊ नका. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, डावीकडची आहे ना, मग सांगा तिला भाजी निवडायला, नुसती लोळते कशाला.

मी खूप हसले. बऱ्याच दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

हे कोणाला सांगू नये असं वाटतं, म्हणून इथे लिहिते.

वाचून झालं होतं. ताईंना डुलकी लागलेली. त्यांचा डावा हात मी माझ्या हातात धरून ठेवला होता, मॅडमनीच सांगितलंय, स्पर्श द्या. आणि त्या हाताच्या अंगठ्याने माझ्या तळव्यावर एक रेघ ओढली. मनगटाकडून बोटांकडे. सावकाश.

हे तसंच करायचे. बोलणं गेल्यावर आमची ती भाषा होती. रेघ म्हणजे "बस जरा". रेघ ओढायचे आणि हात उघडा ठेवायचे. बसायचं की कामाला उठायचं ते माझ्यावर. बहुतेक वेळा मी बसायचे.

त्या लुळ्या हाताला साधा रुमाल पेलत नाही.

मी बसून राहिले. चहाची वेळ टळली. काकूंनी खालून हाक मारली तेव्हा उठले. हाताला तेलाचा वास होता आणि मला, खरं सांगायचं तर, भीती वाटली नव्हती. ह्यांच्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. दुकानदारसुद्धा सुटे पैसे फळीवर ठेवतो.

२६ फेब्रुवारी

रोज दुपारी रेघ येते. मॅडमसमोर कधीच नाही. त्या येतात तेव्हा हात मेल्यासारखा.

सांगायला हवं, हात हलतोय म्हणजे चांगलंच लक्षण की. पण सांगितलं की मॅडम सुया टोचून, हातोडी मारून बघणार आणि तो हात मग सगळ्यांचा होणार.

आज ताई आपणहून म्हणाल्या, मावशी, ती फार एकटी आहे हो. मला वाटलं होतं तिला माझं बाळ हवंय. तसं नाही. तिला बाळाचं काय करायचंय. तिला शेजारी बसायला माणूस हवंय.

हे त्या खिडकीकडे बघत बोलल्या. मग म्हणाल्या, तुम्ही बसता ना तिच्यापाशी, मला कळतं.

४ मार्च

टेबलावर माझं ताट नव्हतं. काकू म्हणाल्या, अगंबाई, तुम्ही जेवायच्या राहिलात होय, मला वाटलं तुम्ही कधीच उठलात. मी त्यांच्या डावीकडेच बसले होते. वाटी पुढे सरकवली होती.

म्हातारपण, दुसरं काय. त्यांचं किंवा माझं.

पण आता घरात वावरताना मीच बोलून दाखवते, मी आले हां, मी जाते हां. उगीच.

९ मार्च

ताई आज रडल्या. म्हणाल्या, खुर्ची हलवा मावशी. तुम्ही रोज तिच्याजवळ बसता, म्हणून ती पसरायला लागलीय. ती म्हणते अर्ध्यात भागत नाही. काल मधल्या रेघेपर्यंत होती, आता नाकाच्या या बाजूला आलीय.

मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय, डावीकडेच बसायचं. त्या म्हणाल्या, मॅडमना कुठे ती दिसते.

मी खुर्ची हलवली नाही. मॅडमनी सांगितलंय हे खरं. पण रेघेसाठीही —

दादांना सांगितलं, ताई घाबरल्यात. दादा डॉक्टरांशी बोलले. रक्तदाब ठीक, सुई चालू ठेवा, परवाच्या तपासणीला घेऊन या.

११ मार्च

तपासणी झाली. बाळाचे ठोके मला ऐकवले. पळणाऱ्या घोड्यासारखे. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक.

परत आल्यावर हात गार होता. रेघ आली. मग आणखी एक. अंगठा थांबेचना.

१३ मार्च

लिहिते. जसं झालं तसं. हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे, वही मांडीवर.

सकाळी ताई ठीक. भात खाल्ला, अर्धा. काकूंना म्हणाल्या मीठ कमी. मी कपडे वाळत घालायला गेले. परत आले, खुर्चीत बसले, आणि पाहिलं तर तोंड सरळ.

ओघळलेला कोपरा ओघळलेला वाटेना. ओठांची रेघ सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. मी ओरडलेच, काकू, या, बघा ताईंचं तोंड सरळ झालं! काकू धावत आल्या. तोंडावर हात ठेवून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मावशी, जिंकलात हो तुम्ही. माझ्याकडे बघून म्हणाल्या. पहिल्यांदा माझ्याकडे बघून. आणि लगेच दादांना फोन करायला बाहेर गेल्या, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात.

मीही किती वेळ नुसती बघत राहिले. आनंदाने. ताई शांत होत्या. डावीकडचीचं नावही नाही. काहीच नाही.

काहीच नाही.

म्हटलं, ताई, पाणी घेता? पेला लावला. पाणी दोन्ही कोपऱ्यांतून गळलं. दोन्ही.

तेव्हा कळलं. डावी बाजू वर आली नव्हती. उजवी खाली गेली होती. दोन्ही बाजू सारख्या पडल्या म्हणून तोंड सरळ. आणि मी डावीकडे बसून —

उजवा हात खाटेवरून खाली लोंबत होता. डोळे माझ्याकडे होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. ह्यांचे डोळे पहिल्या दिवशी असेच होते.

उठायला गेले. डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

त्या हाताने. रुमाल न पेलणाऱ्या. धरलं आणि अंगठ्याने रेघ. बस. बस जरा. बस.

आणि मी — लिहायलाच हवं — मी बसले. एक श्वास. दोन. इतकी ओळखीची ती रेघ. खिडकीत ऊन होतं. कोणी इतक्या मनापासून बस म्हणत होतं.

मग पकड घट्ट झाली आणि मला कळलं की ही रेघ ह्यांची नाही. ह्यांनी मला कधी धरून ठेवलं नाही. हे रेघ ओढायचे आणि हात उघडा ठेवायचे.

मी एकेक बोट उलगडलं. करंगळी शेवटी. खुर्ची भिंतीवर आपटली.

काकू अजून फोनवर आनंद सांगत होत्या. फोन हिसकावून घेतला. दादा, अॅम्ब्युलन्स. नवी गुठळी. काकू किंचाळल्या की आता कुठे माझी सून सुधारली आणि तुम्ही तिला परत त्या तारेखाली घालायला निघालात, पोटातल्याचं काय? मी म्हटलं, काकू, आई आहे तर बाळ आहे. पाठ केलेलं. मोठ्याने. परत परत. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तेच म्हणत होते बहुतेक.

हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टर उभे होते. मधे कोणी अडखळलं नाही. पोटावर आवरण, आणि आत.

मनगटावर चार बोटांचे वळ आहेत. अंगठ्याचा नाही.

१३ मार्च, संध्याकाळी

गुठळी निघाली. ठोके आहेत. पळताहेत.

काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या. म्हणाल्या, मी वेडी, सरळ तोंड बघून पेढे वाटायला निघाले होते. मी म्हटलं, मीच आधी ओरडले ना.

दादा म्हणाले, मावशी, तुम्ही घरी जा, पडा जरा, घर उघडं आहे. डॉक्टर उद्या दुपारपर्यंत बघणार. मला जायचं नव्हतं. पण काय सांगणार — की घरी तो —

हात तर इथे आहे. ताईंबरोबर. घरी नुसती खाट.

१४ मार्च

सकाळी दादांचा फोन. ताई बोलल्या. अडखळत, पण बोलल्या. डावा हात वर करून म्हणाल्या, हा माझा. दादा रडत होते. बाळ पोटातच ठेवणार, अजून थोडे दिवस. मी हात जोडले.

मग दादा हसून म्हणाले, अजून थोडी बडबडते आहे, म्हणते ती नाही आली माझ्याबरोबर. ती मावशींपाशी राहिली.

मी म्हटलं, असू दे. बरं होईल.

आज मी असं केलं. खाट झाडली. चादर धुतली. खुर्ची उचलून उजवीकडे, खिडकीपाशी ठेवली. दूध तापायला ठेवलं आणि चहा. चहा घेतला. जळल्याचा वास येत राहिला. शेगडीपाशी गेले, तर एकच शेगडी आहे. चहाची. दुसरी कुठे गेली — दोन होत्या ना —

चप्पल एकच सापडली.

डोकं जड आहे. झोप नाही झाली. आहे ते एवढंच.

फोन वाजतोय. काकू असतील. उजवीकडे नाही. शोधला. वाजतोच आहे, जवळच. कुठून कोण जाणे.

पानाची सुरुवात मिळत नाही. मधूनच लिहिते.

वही आज पळत नाहीये.

कोणीतरी धरली आहे.

बाईचा हात आहे. कागदावर पालथा. गार. अंगठ्यावर भाजल्याचा डाग. बिचारी. हिचंही दूध —

मी उठले नाही. म्हटलं, बसते जरा. तिच्या हातावर हात ठेवला आणि तिने अंगठ्याने माझ्या